गाळलेल्या जागा

तार्तूच्या गणित विभागात मी टायपिस्ट होते,
बत्तीस वर्षं.
यंत्रं दोन: एक आमच्या भाषेचं,
एक रशियन, कारण प्रबंध मॉस्कोला जायचे.
गणिताचं यंत्र नव्हतंच.
म्हणून शब्द मी टंकायचे
आणि चिन्हांना जागा सोडायचे:
सिग्माला पाच ठोके,
इंटिग्रलला वर-खाली एकेक ओळ.
जर अमुक, तर तमुक,
त्यातलं अमुक नाही, तमुक नाही,
पानभर नुसते जर आणि तर.

मग वाइके ओरास यायची,
स्वेटरच्या खिशात शाईची दौत,
खिसा कायमचा निळा,
आणि खिडकीशी बसून भरायची
माझ्या गाळलेल्या जागा.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.
हात तेवढा कळायचा.
खात्री असली की तिचा लॅम्डा तिरपा पळायचा,
शंका असली की ताठ उभा,
तोंडी परीक्षेला आल्यासारखा.

एकोणऐंशीचा फेब्रुवारी. नदी गोठलेली.
अकरा वर्षांचं काम, एकशे चार पानं,
आणि सदतिसाव्या पानावर
सगळे लॅम्डा उभे.
मी पाहिलं. पानं जुळवली, दोरा ओवला.
टायपिस्टनं काय बोलायचं?

पुढच्या वर्षी नोवोसिबिर्स्कहून पत्र आलं,
साडेचार ओळींचं, फार अदबीचं.
त्यांनीही सदतिसावंच पान काढलं होतं.
त्या दिवशी ती घरी गेली
सायकल हातात धरून, चालत.

सप्टेंबरात आम्हा सगळ्यांना
सरकारी शेतावर बटाटे काढायला नेलं,
प्राध्यापक, शिपाई, ग्रंथपाल, एका ट्रकमधून.
ती माझ्या शेजारच्या सरीत.
दुपारी, वाकल्या वाकल्या, मी सांगून टाकलं
लॅम्डाचं.
ती उभी राहिली. कंबरेवर चिखलाचे हात.
वाटलं, आता नोकरी गेली.
ती इतकी हसली
की पलीकडच्या सरीतल्या विभागप्रमुखांनी
बादली खाली ठेवली.

त्यानंतर कुठलंही पान पाठवण्याआधी
माझ्या टेबलावर यायचं.
"अर्थ सोड," म्हणायची, "हात बघ."
मी बघायचे. दोनदा परत पाठवलं.
दोन्ही वेळा बरोबर होते मी.
तिसऱ्यांदा साफ चुकले:
त्या दिवशी तिला नुसता ताप होता.

एकशे चार पानांतून शेवटी सहा उरली.
सहांत एक छोटं पूर्वप्रमेय, तळाशी,
बूट काढताना टेकायला स्टूल लागतं
तेवढ्या कामाचं.
आभारांत माझं नाव नाही.
हातचा कुणी उत्तरात लिहितं का?

ब्याण्णवला देश नवा झाला, पैसे नवे झाले,
कॉम्प्युटर आला आणि मी घरी आले.
तो लॅम्डा स्वतःच काढायचा,
सगळे सारखे, खात्रीचे आणि शंकेचे.
"आता मला कळणार कसं?" ती म्हणाली.
मस्करीत म्हणाली असेल.
प्राध्यापकपद पंच्याण्णवला मिळालं,
निवृत्तीला दोन वर्षं असताना.
मी सफरचंदाचा केक नेला. मधोमध कच्चा राहिला होता.

आता ती ऐंशीची. गुरुवारी मी जाते.
मुलांची नावं तिला आठवत नाहीत
(तिला मुलं नव्हतीच, विद्यार्थ्यांची म्हणतेय मी).
गेल्या महिन्यात चिलीहून पत्र आलं:
श्रीयुत ओरास हयात आहेत का,
त्यांचं पूर्वप्रमेय आम्ही रोज वापरतो,
एका पायरीबद्दल विचारायचं होतं.
"श्रीयुत," ती म्हणाली, "राहू दे तसंच."

मी माळ्यावरून यंत्र काढलं.
तिनं सांगितलं, मी टंकलं,
आणि सवयीनं जागा सोडल्या.
दौत वाळलेली. बॉलपेन दिलं.
हात आता थरथरतो, त्यामुळे
लॅम्डा काही तिरपे, काही उभे, एक तर आडवाच.
तिनं पान माझ्याकडे सरकवलं
आणि वाट पाहत बसली.

मी चष्मा पुसला. खूप वेळ बघितलं.
"पाठव," म्हटलं.
टपालपेटीपर्यंत बर्फ घसरडा होता,
मी कडेकडेनं गेले.